न तुटणारा पट्टा

सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एका माणसाने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं. उत्तर तीनच शब्दांचं होतं. पण तेव्हापासून तो माणूस स्वतःला अपराधी समजून जगला, त्याच्या सासऱ्याने त्याच्या घरी जेवणं सोडलं, आणि अपराध तर माझा होता, माझ्या हातच्या शिलाईचा. ताई, तुम्ही म्हणालात, याकूबभाई, ही आडवी पर्स तुम्हाला सुचली कशी ते सांगा. सांगतो, सगळं सांगतो, पण हे आधी सांगून टाकलं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की ही एका हुशार कारागिराची गोष्ट आहे.

आम्ही मूळचे कुरुंद्याचे. अब्बा गाद्या भरायचे, बैलगाडीवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचे, आणि हायवेवर गाड्या वाढल्या तसे वारंगा फाट्यावर येऊन सीट कव्हर करू लागले. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो. आमचे एक गुरुजी होते, ते म्हणायचे, लेकरा, वाक्य अर्धवट सोडू नको, अर्धं वाक्य म्हणजे अर्धा घास. ती सवय मला आजपर्यंत आहे, म्हणून माझं बोलणं जरा लांबतं, तेवढं सांभाळून घ्या. दुसरी सवय जन्माचीच, ती म्हणजे चौकशी. कोणतीही वस्तू दिसली की ही अशी काहून आहे, हे मला विचारावंसं वाटतं. अब्बा म्हणायचे, ये छोरा नहीं, सवालों का थैला है.

आता आमचं दुकान कसं आहे ते तुम्ही पाहिलंतच. तोंड रस्त्याकडे, समोर बस थांबायची जागा, नांदेडची, हिंगोलीची, सगळी गर्दी तिथेच. मशीनवर पाय चालू असतो आणि डोळे रिकामे असतात, मग डोळे काय करणार, पाहत बसतात. आणि मला काय दिसायचं सांगू तुम्हाला, बायकांचे हात दिसायचे. एका कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी, बस आली की पिशवीचे बंद दातात धरायचे आणि मोकळ्या हाताने दांडी पकडायची. फोन ब्लाउजमध्ये, तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीत, चष्मा केसांत, आणि आधार कार्डाची झेरॉक्स हातातच घामाने ओली झालेली. अंगणवाडीच्या एक बाई रजिस्टर काखेत धरून चढायच्या आणि दर वेळी ते पायरीवर पडायचं. दर वेळी, ताई! मी मनात म्हणायचो, या बाईला तिसरा हात पाहिजे. मग विचार करायचो, तिसरा हात शिवता येईल का?

घरी नसीमला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगायचो. ती म्हणाली, अजी, दिनभर औरतों को देखते बैठते क्या, लोगां क्या बोलेंगे. मी म्हणालो, औरतों को नहीं, उनके थैलों को देखता. तर म्हणते, ये तो और बुरा है, चोर समझेंगे.

पहिली पर्स मी तिच्यासाठीच शिवली. मोटारसायकलच्या सीटचं मरून रेग्झीन उरलं होतं, त्याची. आकार शाळेच्या वहीएवढा, चपटी, म्हणजे गर्दीत पोटाला चिकटून राहील, पुढे आलेली दिसणार नाही. फोनचा कप्पा बाहेर, हात सहज खाली सोडला की बोटं जिथे पोचतात बरोबर तिथे. मोठी चेन अंगाच्या बाजूला, म्हणजे बसमध्ये कोणाचा हात आत जाणार नाही. आत चष्म्याला मऊ अस्तराचा कप्पा. आणि कडेने पिवळी पायपिंग, सीटला घालतो तशीच. नसीमने ती एका खांद्यावरून घेऊन दुसऱ्या बाजूच्या कमरेवर सोडली, दोन्ही हात वर करून पाहिले आणि म्हणाली, अरे, मैं तो खाली हाथ हो गई. तो शब्द मला फार आवडला. खाली हाथ म्हणजे गरीब असं आपण समजतो, पण हात रिकामे झाले म्हणून खूश झालेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग शेजारणीने मागितली, तिच्या बहिणीने मागितली, मग गावोगावच्या आशाताई, बचत गटाच्या बायका, कॉलेजच्या पोरी. गळ्यातून आडवी घालायची म्हणून नावच पडलं आडवी पर्स. तांड्यावरच्या बायका तर झाकणावर आपल्या हाताने आरसे आणि कवड्या लावायच्या आणि मला दाखवायला आणायच्या, की पाहा मिस्तरी, तुमची पर्स आता पर्स झाली.

पण अडचण अशी, की पट्टा ज्याच्या त्याच्या अंगाला बेतावा लागतो. उंच बाईला आखूड झाला की पर्स काखेत येते, ठेंगणीला लांब झाला की गुडघ्यावर आपटते. आणि मी परका पुरुष, खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावणार कसा? ते शोभलंही नसतं आणि मला जमलंही नसतं. त्यावर नसीमनेच तोड काढली. बायकांनी घरी सुतळी घ्यायची, खांद्यावरून कमरेवर सोडून मोजायची, दोन टोकांना दोन गाठी मारायच्या आणि ती सुतळी मला आणून द्यायची. भिंतीवर खिळ्यांची रांग आहे ना ती, त्यावर त्या सुतळ्या टांगलेल्या असायच्या, चिठ्ठीवर नाव लिहून. सुतळीवरूनही माणूस कळतो, ताई. कोणी गाठ नाजूक मारते, कोणी जनावर बांधल्यासारखी. एका सुनेची आणि तिच्या सासूची सुतळी एकाच दिवशी आली, तर सुनेने आपली वीतभर लांब ठेवलेली, का तर म्हणे आत्याबाईंच्या पर्सपेक्षा माझी खाली दिसली पाहिजे.

हे सगळं छान होतं, पण सुतळीत एक खोट होती. ती बाईने घरात उभं राहून, उन्हाळ्यात, पातळ साडीवर मोजलेली. थंडीत स्वेटर घातला की पट्टा काचायचा, मग तक्रार यायची. तेव्हा मी सरकती कडी लावली आणि पट्टा हातभर जास्तीचा सोडायला लागलो, लागेल तेव्हा वाढवा, नाहीतर लोंबू द्या. त्या लोंबणाऱ्या टोकाला पोरी शेपूट म्हणायच्या. पट्टा मात्र साधा नाही. टेम्पोवाले माल आवळतात ना, त्या जातीचा नायलॉनचा, बोटभर रुंद, आणि त्यावर माझी चौपदरी शिलाई. मला त्याची फार घमेंड होती. गिऱ्हाईक आलं की मी तो छताच्या अँगलला अडकवून स्वतः लोंबकळून दाखवायचो, या वयात, पाय वर करून. आणि म्हणायचो, पर्स फाटेल, बाई थकेल, पण पट्टा तुटणार नाही. लोक हसायचे आणि पर्स घेऊन जायचे.

कविता ही कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरची सून, आशा कार्यकर्ती. लाल रेग्झीनची पर्स तिने करून घेतली, वरून आरसे लावले आणि रोज तीच. तिचा नवरा सुभाष शांत माणूस, शेती करतो, आठवड्यातून दोनदा तिला मोटारसायकलवर उपकेंद्रात सोडायचा. एके दिवशी ऐकलं की गाडीवरून पडली. गावाजवळच्या रस्त्यावर स्पीड ब्रेकर आहे, त्याच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर ती मागच्या मागे खाली आली, गाडीही आडवी झाली. नांदेडला नेलं. जीव वाचला, पण डावा हात कोपरातून आजही सरळ होत नाही.

लोकांनी लगेच ठरवून टाकलं की सुभाषने ब्रेकरवरून गाडी उडवली. कविताचे वडील हेमलाकाका दुसऱ्या तांड्याचे, करारी म्हातारा, ते दवाखान्यातच जावयाला म्हणाले, आमची पोरगी म्हंजी शेनाची पाटी व्हती का रं, उडवत न्यायला? कविता शुद्धीवर आल्यावर सांगत होती, बा, गाडी हळूच व्हती. पण ते म्हणायचे, नवऱ्याला झाकून राहिली. आणि सुभाषचं काय झालं, तर तो आधी नाही म्हणत होता, मग गप्प झाला, आणि महिनाभरात तोही म्हणायला लागला की असंल, जोरात असंल, मला ध्यान न्हाई. चार माणसं रोज एकच गोष्ट बोलत राहिली की आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरतो. त्याने गाडी विकली.

त्याच महिन्यात तो पर्स घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, पट्टा खराब झालाय, बदलून द्या, ती दुसरी पर्स घेत न्हाई म्हनते. मी पट्टा हातात घेतला आणि माझी सवय जागी झाली. शेपटाकडचा भाग ग्रीसने काळा, पण रस्त्यावर घासल्यासारखा नाही, तर पीळ बसल्यासारखा, गुंडाळून ओढल्यासारखा. आणि कडेला चेपलेल्या खुणा, एकेका बोटाच्या अंतराने, सारख्या. मोटारसायकलचं काम करणाऱ्याला चाकाच्या तारा ओळखू येतात, ताई. ती एका बाजूला पाय सोडून बसली असणार, पर्स सरकून मागे गेली असणार, आणि हातभर शेपूट खाली लोंबत असणार. साडीगार्डाच्या जाळीतून पदर जात नाही, पण बोटभर पट्टा जातो. तो तारांत गेला, गुंडाळला आणि त्याने तिला गळ्यातून खाली खेचून घेतलं. पुढे लोकांनी गाडी उचलताना चाक उलटं फिरलं असेल, पट्टा सुटला असेल, कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. हे सगळं कळायच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी, मी शिलाई पाहिली आणि मला अभिमान वाटला. एवढं होऊन एक टाका उसवला नव्हता. दुसऱ्या क्षणी समजलं, की उसवला असता तर पर्स गेली असती आणि बाई गाडीवर राहिली असती.

तेवढ्यात सुभाषने विचारलं, याकूबभाई, पट्टा असा काहून झाला? त्याच्या मनात काही नव्हतं, त्याने आपलं सहज विचारलं. आणि मी म्हणालो, रस्त्यावर घासला असेल.

तो व्हय म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. मी नवा पट्टा लावला, शेपूट कापून टाकलं, जुना पट्टा त्याच दिवशी चुलीत घातला. नायलॉन जळताना वास येतो, नसीमने विचारलं काय जाळता, तिलाही मी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात नांदेडहून प्लास्टिकच्या टिचकी बकलांचा गठ्ठा आणला, मऊ दाताची, जोरात हिसका बसला की आपोआप सुटणारी. प्रत्येक नव्या पर्सला तेच लावलं, आणि जुन्या पर्सवाल्या आठवून आठवून बोलावल्या, या, फुकटात बदलून देतो, नवी फॅशन आली आहे. पोरींना तो टिच आवाज इतका आवडला की पर्स आणखी चालली. म्हणजे माझ्या गुन्ह्याचंही लोकांनी कौतुकच केलं.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, याकूब, तू बकलं बदललीस ती बायकांच्या जिवासाठी की आपल्या नावासाठी? एखाद्या अनोळखी वस्तूकडे पाहावं तसं मी स्वतःकडे उलटसुलट करून पाहिलं. जिवाची काळजी होती, ते खोटं नाही. पण काळजीच असती तर कारण सांगून बदलली असती. मी नमाजात माफी मागायचो, पण नसीमच एकदा दुसऱ्याच कोणाविषयी बोलताना म्हणाली, की बंदे का हक मारा तो पहले बंदे से माफी, फिर अल्लाह से. ती भाकरी थापत होती, तिला काही ठाऊक नव्हतं, आणि माझा घास तोंडातच राहिला. तरी मी गप्पच राहिलो. आज सांगू, उद्या सांगू, आणि जितका उशीर तितकं सांगणं जड. आधी एकच खोटं होतं, मग त्यात उशिराचंही खोटं मिसळलं.

गेल्या थंडीत कविता आणि हेमलाकाका दुकानात आले. कविताची मुलगी हिंगोलीला कॉलेजात जाणार, आजोबांना तिला पर्स घेऊन द्यायची होती. सुभाषही आला होता, पण तो रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ उभा. सासरा असेल तिथे तो येत नसे, आणि जावई असेल तिथे सासरा बसत नसे. हेमलाकाकांनी पर्स हातात घेतली आणि ते त्या बकलाशी खेळायला लागले. टिच, लावलं, ओढलं, सुटलं. पुन्हा टिच. लहान लेकरासारखे. मला म्हणाले, मिस्तरी, हे असं सुटतंय काहून? पक्कं न्हाई का?

मी म्हणालो, काका, मुद्दाम तसं आहे.

तर म्हातारा खुलला. म्हणाला, आरं तिच्या, हे त आमच्या आज्याचं काम हाय. आमचा आजा बैलाच्या पाठीवर गोण्या लादून जायाचा, मीठ म्हना, धान्य म्हना. गोनी आवळायची त ती सुटत्या गाठीनं, एक टोक हातात ठिवायचं. घाटात बैलाचा पाय घसरला का हिसका द्यायचा, गोनी जाती खाली, बैल राहतो वर. माल गेला त गेला. घट गाठ मारतंय ते येडं, अन् सुटती गाठ मारतंय ते शानं.

ताई, मी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं. ज्या माणसाच्या आज्याला ही अक्कल होती, त्याच्या मुलीच्या गळ्यात मी घट्ट गाठ घातली होती, आणि वर लोंबकळून दाखवलं होतं.

पण हेमलाकाकांचं संपलं नव्हतं. त्यांनी टपरीकडे मान वळवली आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, आमच्या आज्याला मुका बैल संभाळता आला, ह्या बाबाला एक बायको संभाळता आली न्हाई.

कविता म्हणाली, बा, नको ना, बजारात तरी नको. पलीकडे सुभाषने मान खाली घातली. तो रागावला नाही, त्याने फक्त मान डोलावली, बरोबर आहे अशी. ती डोलावलेली मान मला पाहवली नाही.

मी उठलो, रस्ता ओलांडला आणि त्याला म्हणालो, सुभाष, आत चला. तो म्हणाला, न्हाई भाई, म्हातारं चिडतंय. मी त्याचा हात धरला. आयुष्यात मी कोणाचा हात असा धरलेला नाही. त्याला आत आणून बाकावर बसवलं, हेमलाकाका उठायला लागले तर म्हणालो, काका, तुम्हाला तुमच्या लेकीची आण, पाच मिनिटं बसा. नसीमलाही आतून बोलावलं. नव्या पर्सचा पट्टा हातात घेऊन जुन्याचं शेपूट कसं होतं, कसं लोंबलं, तारांत कसं गेलं, मला ते कशावरून कळलं आणि तो पट्टा मी कसा जाळला, सगळं क्रमाने सांगितलं.

नंतरचं आधी सांगून टाकतो. हेमलाकाकांनी बकल एकदा लावलं आणि ओढून सोडवलं. मग म्हणाले, मिस्तरी, सहा वर्स मी ह्याच्या घरी भाकर खाल्ली न्हाई. पर्स तिथेच ठेवून गेले. कविता उजव्या हाताने डावं कोपर धरून उभी होती, आणि बापाला म्हणाली, मी पैल्या दिसापासून सांगून राहिले व्हते, हळू व्हती, कुनी ऐकलंच न्हाई. नसीम माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, ते रास्तच होतं. सुभाषने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. सासरा त्याच्या घरी जेवायला गेला की नाही, तेही माहीत नाही. त्या तांड्यावरची माणसं रोज या फाट्यावर उतरतात, एकाला विचारलं तर दोन मिनिटांत कळेल. पण माझ्यासारख्या चौकस माणसाने हे विचारायचं नाही, असं मी ठरवलं आहे. ते ऐकायचा हक्क माझा नाही. अल्लाह त्यांचं घर सुखात ठेवो, एवढं मी इथे बसून म्हणतो.

त्या दिवशी माझं सांगून झाल्यावर सुभाषने एकच गोष्ट विचारली. तोंडातल्या तोंडात, मला नाही, जणू स्वतःलाच. म्हंजी मी जोरात न्हवतो?

तेव्हा मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, नाही सुभाष, तुम्ही जोरात नव्हता, गाडी बराबर चालली होती. तुमच्या बायकोला माझ्या पट्ट्याने खाली ओढलं. मला ते तुमच्याआधी कळलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. पट्ट्याची चूक नकळत झाली, पण हे खोटं मी समजून उमजून बोललो. कविता, हेमलाकाका, तुमचाही मी गुन्हेगार आहे, पण पहिला यांचा. सुभाष, मला माफ करा.